धातूच्या ब्रेसेस: तारा निघेपर्यंत दात कसे सांभाळले

आधी निकाल सांगून टाकते. खालचे एकमेकांवर चढलेले पटाशीचे दात रांगेत आले, बाहेर डोकावणारा वरचा सुळा जागेवर बसला आणि तारा निघाल्यावर तपासणी झाली तेव्हा एकाही दाताला नवी कीड नव्हती. उजव्या सुळ्यावर हिरडीलगत एक फिकट पांढुरका ठिपका राहिलाय, पण तो मलाच आरशात शोधावा लागतो. तिशी ओलांडल्यावर ब्रेसेस लावून घेतल्या, वर्षाहून बऱ्यापैकी जास्त काळ वागवल्या आणि आता काही महिने रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन) वापरतेय. दात सरळ करण्याचं काम डॉक्टर आणि तार मिळून करतात. ते सरळ होईपर्यंत शाबूत ठेवण्याचं काम मात्र रोज आपल्याला करावं लागतं, आणि त्याबद्दल आधी कुणी फारसं बोलत नाही. म्हणून इथे जास्त मजकूर त्यावरच आहे.

पारदर्शक अलाइनर (दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे साचे) की धातूच्या तारा, हा प्रश्न मलाही पडला होता. स्वच्छतेपुरतं बोलायचं तर अलाइनर सोपे, ते काढून नेहमीसारखे दात घासता येतात. पण ते दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात हवेत, खाताना काढायचे, दात स्वच्छ करून परत घालायचे. अलाइनर घालूनच गोड पेय प्यायलं तर ते आत दातांना चिकटून राहतं आणि लाळेला तिथे पोचून ते धुऊन काढता येत नाही. माझा सुळा बराच फिरलेला होता, आणि काढता येणारी वस्तू मी नक्की काढून ठेवली असती. त्यामुळे धातूच्या. दिसायला कशा दिसतात याची धास्ती पहिल्या पंधरवड्यातच संपते. समोरचा माणूस दोन मिनिटांत विसरतो.

ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे धातूचे छोटे चौकोन, दातांवर चिकटवण्याआधी क्ष-किरण फोटो, स्केलिंग (कीटण खरवडून काढणं), जुन्या फिलिंगची तपासणी आणि हिरडी व दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजणं हे सगळं झालं. मोठ्या वयात उपचार घेणाऱ्यांनी यातली शेवटची गोष्ट टाळू देऊ नये. हिरड्यांचा आजार अंगात असताना दातांवर जोर दिला तर आधीच झिजत असलेलं हाड आणखी वेगाने झिजू शकतं. आजार आटोक्यात आणून मग दात हलवले तर मोठ्यांचेही व्यवस्थित हलतात.

चिकटवणं अजिबात दुखत नाही. दातावर फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद ठेवतात, त्याने एनॅमलचा, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या आवरणाचा, पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि गोंद त्यात रुतून बसतो. ही युक्ती दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचा अख्खा पट्टा बसवत असत. त्या काळी हे उपचार घेणाऱ्यांनी दात कसे घासले असतील, देव जाणे.

दुखणं सुरू होतं ते संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आठवड्याभरात बरंचसं ओसरतं. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तार दाबते त्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात, ताण पडतो त्या बाजूला नवं भरतात, आणि दात साधारण महिन्याला एक मिलिमीटर या गतीने सरकतो. या प्रक्रियेत दाह निर्माण करणाऱ्या रसायनांचाच हात असतो, म्हणून डॉक्टरांनी मला ती रसायनं दाबणाऱ्या आयबुप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. सुरुवातीची बारीक तार निकेल-टायटॅनियमची असते. कितीही वाकवली तरी मूळ आकारात परत यायचा तिचा हट्ट असतो आणि त्या हट्टावरच पहिले काही महिने चालतात. गालाला ब्रॅकेट घासून फोड आले तेव्हा ब्रॅकेटवर लावायच्या वॅक्सचा (मऊ मेणाचा) गोळा आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरल्या. वॅक्स लावण्याआधी ब्रॅकेट कोरडा पुसा, नाहीतर ते टिकत नाही.

आता मूळ मुद्दा. ब्रॅकेट लागला की दाताचा सगळ्यात धोक्याचा भाग म्हणजे ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली बारीक पट्टी. तिथे जंतूंचा चिकट थर साचतो, खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल तयार करतात, आणि तिथला सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात. तारा काढल्यावर काहींच्या दातांवर ब्रॅकेटच्या चौकोनाभोवती खडूसारखी पांढरी चौकट दिसते, ती यातूनच आलेली असते. स्वच्छता ढिली असेल तर हे डाग ब्रॅकेट लागल्यापासून महिन्याभरातही उमटू शकतात. मला तरी हा आकडा ऐकूनच जाग आली. उपचार वर्षभराहून जास्त आणि नुकसानाला एक महिना पुरतो.

हिरड्याही मागे राहत नाहीत. 1965 मध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. ही झाली ब्रेसेस नसलेल्या माणसांची गोष्ट. तारा असताना रोज घासूनही एखादा कोपरा सुटतो आणि त्या कोपऱ्यापुरता हाच प्रयोग आपल्या तोंडात चालू राहतो. रक्त आलं की लोक त्या जागी घासणं सोडतात, तिथेच गाडी बिघडते. रक्त येणारी जागाच जास्त हळुवार आणि जास्त नीट घासायची असते. हे पटायला मला थोडा वेळ लागला, पण चार-पाच दिवस तसं केल्यावर रक्त थांबताना स्वतः पाहिलं.

साधनांपैकी माझ्या मते सगळ्यात जास्त काम केलं ते इंटरडेंटल ब्रशने. बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती. तो तारेच्या खालून, ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी आणि दोन दातांच्या फटीत जातो, नेहमीचा ब्रश जिथे पोचूच शकत नाही अशा सगळ्या ठिकाणी. वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. मला पुढच्या दातांना बारीक आणि दाढांना जाड असे दोन लागले. जबरदस्तीने घुसवायचा नाही. अडकला तर एक माप खाली उतरायचं. केस विस्कटले किंवा मधली तार वाकली की टाकून द्यायचा. पुढे दात सरकून फटी बदलतात तशी मापंही बदलतात, म्हणून एकदम मोठा साठा करून ठेवू नका.

नेहमीचा ब्रश मी मऊ, छोट्या डोक्याचा वापरला. आधी ब्रॅकेटच्या वरून हिरडीकडे तिरका धरून, मग ब्रॅकेटच्या खालून, मग आतली बाजू. इलेक्ट्रिक ब्रशही वापरून पाहिला. चांगला आहे, पण तिरका धरायची शिस्त तो शिकवत नाही.

वॉटर फ्लॉसरबद्दल मात्र मला थोडं विरोधात बोलायचंय, कारण त्याची तारीफ सगळीकडे ऐकू येते. हे यंत्र 1962 च्या सुमाराचं, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले एक दंतवैद्य आणि एक जलअभियंता यांनी मिळून बनवलेलं. पाण्याच्या स्पंदणाऱ्या झोताने अडकलेले अन्नाचे कण भराभर निघतात, हिरड्यांना बरं वाटतं, आणि जेवणानंतर तोंड स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच. पण दाताला चिकटलेला थर नुसत्या पाण्याने पुरता सुटत नाही. हे मी स्वतः ताडून पाहिलं. दातांवरचा थर रंगवणारी गोळी औषधाच्या दुकानात मिळते. फक्त वॉटर फ्लॉसर मारून ती चावली तेव्हा ब्रॅकेटभोवती रंगाची चौकट तशीच होती. इंटरडेंटल ब्रश फिरवल्यावर ती गेली. त्यामुळे माझ्यासाठी ते यंत्र सोयीचं आहे, गरजेचं नाही. हाताची बोटं नीट चालत नसतील किंवा हिरड्या फार नाजूक असतील तर हिशोब वेगळा होईल. रंगाची गोळी मात्र प्रत्येकाने घ्यावी. कोणता कोपरा आपला हात नेहमी चुकवतो ते ती न बोलता दाखवते. माझा डावीकडचा वरचा कोपरा होता.

फ्लॉसचा धागा तारेखालून ओवायला ताठ टोकाचा फ्लॉस किंवा थ्रेडर (धागा ओवायची प्लास्टिकची सुई) लागतो. कंटाळवाणं काम आहे. जिथे इंटरडेंटल ब्रश शिरत नव्हता तेवढ्याच फटींसाठी मी ते करत राहिले, रात्री एकदा.

फ्लोराइडला पर्याय नाही असं मला वाटतं. ते सुटलेली खनिजं परत बसायला मदत करतं आणि तयार होणारा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. रोजच्या टूथपेस्टमध्ये साधारण 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं, वेष्टनावर आकडा बघून घ्या. घासल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. शिवाय 0.05 टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश मी दुपारी वापरत असे, घासण्याच्या वेळेपासून दूर. धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर 5000 पीपीएमची पेस्टही देतात, पण ती आपल्या मनाने घ्यायची नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश मला हिरड्या सुजल्या तेव्हा थोड्या दिवसांसाठी मिळाला. काम करतो, पण जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग चढतात आणि चव बिघडते. नेहमीच्या पेस्टमधल्या फेसकारी घटकामुळे त्याचा असर कमी होतो, म्हणून दोन्हींमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

खाण्याबद्दल सगळे कडक आणि चिकट पदार्थांची यादी हातात देतात. ती पाळावीच, नाहीतर ब्रॅकेट निखळतो आणि उपचार लांबतो. पण दातांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं आहे ते दिवसातून किती वेळा तोंड चालतं. एकदा गोड खाल्लं की आम्ल उतरायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. दर तासाला थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. मी गोड सोडलं नाही, ते जेवणासोबत आणून ठेवलं. आंबट पेय झाल्यावर लगेच घासायला धावायचं नाही, तेव्हा एनॅमल मऊ असतं.

मधल्या काळात वरच्या-खालच्या जबड्यांना जोडणारे रबर आले. रोज बदलायचे, कारण त्यांचा ताण उतरत जातो, आणि जेवण व घासणं सोडून कायम लावायचे. काही कंपन्या त्यांच्या पाकिटांवर मापानुसार प्राण्यांची चित्रं छापतात. मोठ्या माणसाने एक प्राणी संपला म्हणून फोन करायचा, हा प्रकार मला भलताच आवडला. रबरांचा निकाल तुमच्या नियमितपणावरच आहे, डॉक्टरांना तिथे काही करता येत नाही.

उपचाराच्या मध्यावर पुन्हा क्ष-किरण फोटो घेतला गेला. दात हलवताना मुळांची टोकं थोडी आखूड होऊ शकतात, बहुतेकांत अगदी किरकोळ, पण एखाद्यात जास्त दिसलं तर जोर थांबवून वाट बघतात. तुमच्याकडे असा फोटो घेतला नसेल तर विचारायला हरकत नाही.

तारा काढताना कचकच आवाज येतो, दुखत नाही. गोंद घासून काढल्यावर जीभ दिवसभर दातांवर फिरत राहते. त्या सुळ्यावरच्या ठिपक्याबद्दल विचारलं, तर सहा महिने फ्लोराइड आणि लाळेला काम करू द्या, मग बघू, असं उत्तर मिळालं. ठिपका उरलाच तर रेझिन (पातळ, नंतर घट्ट होणारं द्रव्य) मुरवून तो झाकायचा उपाय आहे. लगेच घासून काढण्याची किंवा दात पांढरे करून घेण्याची घाई नको.

आता खालच्या पटाशींच्या मागे सुळ्यापासून सुळ्यापर्यंत चिकटवलेली बारीक तार आहे, आणि वरच्या दातांना रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर. हिरडीतले तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभर घेतात, तोवर ते दातांना मागे खेचतात. त्यानंतरही दात वयानुसार सरकतच असतात, म्हणून रात्रीचा रिटेनर कायमचा धरून चाला. खालच्या तारेमागे कीटण फार लवकर जमतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात. थ्रेडर त्यामुळे सुटलेला नाही. ज्यांना वाटतं तारा निघाल्या की सगळी साधनं फेकून द्यायची, त्यांनी निदान थ्रेडर आणि बारीक ब्रश ठेवावेत.

रिटेनर थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. जेवताना कागदात गुंडाळून टेबलावर ठेवू नका, तो कचऱ्यात जातो. डबीतच ठेवायचा. दातांचा साचा किंवा स्कॅन जपून ठेवायला सांगा, म्हणजे तुटल्यावर लवकर दुसरा करता येतो. आणि दोन-चार रात्री राहून गेल्यावर रिटेनर घट्ट लागला तर दात सरकायला लागलेत असं समजून त्याच रात्रीपासून नेमाने घाला. पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवू नका, डॉक्टरांकडे जा.