सोयाबीन गेलं, हरभरा अर्धा राहिला: दोन हंगामांच्या विम्याचा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. खरिपात सोयाबीन, आणि ते निघालं की राहिलेल्या ओलीवर हरभरा. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला, म्हणून दोन्ही हंगामांना उतरवला.

त्या ऑगस्टमध्ये पावसानं पार तोंड फिरवलं. शेंगा भरायच्या वेळी रान भेगाळलं, वरून पिवळा मोझॅक रोग. मी घाबरून 72 तासांच्या आत विम्याच्या ॲपवर तक्रार टाकायला धडपडत होतो. ती तक्रार गारपीट, पाणी साचणं, काढून ठेवलेलं पीक भिजणं यांसाठी होती. पावसाच्या खंडाला एकट्यानं कळवायची गरजच नव्हती. अख्ख्या महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे विम्यासाठी ठरवलेल्या उताऱ्याच्या, निम्म्याखाली जाणार असं सर्वेक्षणात दिसलं, तर तेव्हा जिल्हाधिकारी अधिसूचना काढत आणि संभाव्य भरपाईच्या 25 टक्के अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळे.

हे 25 टक्के विमा रकमेचे, म्हणजे सगळं पीक गेलं तर मिळणाऱ्या रकमेचे, नव्हेत, इथंच आमच्या गावात निम्मे लोक फसले. समजा उंबरठा हेक्टरी 10 क्विंटल, येणार 4. तूट 60 टक्के. विमा रक्कम 50,000 धरली तर भरपाई 30,000 आणि अग्रिम साडेसात हजार. तोही पुढं अंतिम हिशेबातून वजा. उंबरठाही मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी काढून त्याच्या 70 टक्क्यांवर धरलेला, म्हणजे पहिली 30 टक्के तूट आपल्याच पदरात.

माझा अग्रिम आला, पण हरभरा पेरून झाल्यावर. बियाणं उधारीवरच आणलं होतं.

खरा पेच नोव्हेंबरात पडला. ऑक्टोबरअखेर सरकारनं जाहीर केलेल्या 40 दुष्काळी तालुक्यांत रेणापूरचं नाव आलं होतं, रानात ओल नव्हती. विहिरीजवळच्या दोन एकरांना एक पाणी देता येणार होतं, तेवढंच पेरलं. विमा भरायच्या केंद्रावरचा पोरगा म्हणाला, "काका, पाचही एकर टाकू की, रुपयाच तर आहे." मी नाही म्हणालो. न पेरलेल्याचा विमा उतरवायचा आणि ई-पीक पाहणीत (ॲपवरच्या सरकारी पीकनोंदीत) पड दाखवायची? पेरणीच न झाल्याची भरपाई तेव्हा होती, पण मंडळातलं 75 टक्क्यांहून जास्त क्षेत्र पड राहिलं तरच. माझी तीन एकर पड राहिली हा माझा निर्णय, विम्याच्या लेखी ते नुकसान नाही. पण त्या तीन एकरांचं बियाणं-खत वाचलं, ते अग्रिमापेक्षा जास्त भरलं.

दोन एकरांत सहा क्विंटल हरभरा झाला. विमा शून्य. पीक कापणी प्रयोग (उतारा मोजायला निवडक रानांत केलेली कापणी) पडले ती रानं ओलिताची, मंडळाचा उतारा उंबरठ्याच्या वर. आमच्या बांधावर कुणी आलंच नाही, आणि नियमानं यायचंही नव्हतं.

2025 च्या खरिपापासून रुपया गेला. तेव्हापासून खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, रब्बीला दीड टक्का हप्ता, आणि भरपाई फक्त मंडळाच्या उताऱ्यावर. सोयाबीनचा हप्ता मी भरतोच, कारण पाऊस हुकला तर सगळ्या मंडळाचा एकदमच हुकतो. हरभऱ्याचं तसं नाही, तिथं ज्याची विहीर त्याचं पीक. त्याचा हप्ता भरायचा की त्या पैशाचं डिझेल आणायचं, हे पेरणीनंतर विहिरीत डोकावून ठरवतो.