एनपीटीईएल आणि क्रेडिट बँक: दोन सत्रं वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, कोर्स पैसे वसूल. परीक्षेची व्यवस्था ठीकठाक. कॉलेजचे क्रेडिट तुमच्या क्रेडिट बँकेत जमा होणार की नाही, ते मात्र तुमचं आडनाव नावाच्या आधी लिहिलंय की नंतर यावर ठरतं. या शेवटच्या गोष्टीवर मी गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला, आता तिसऱ्या वर्षात, देवगड तालुक्यातली. स्वयम म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, एनपीटीईएलचे कोर्स तिथेच असतात. एबीसी म्हणजे शिकलेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात ती बँक, आणि एबीसी आयडी हा तिथला खाते क्रमांक. यापलीकडे नव्याने सांगत बसत नाही. ॲडमिशनच्या रांगेत सगळ्यांना डिजिलॉकर उघडायला लावून तो बारा आकडी नंबर लिहून घेतलाच असेल. पुढे त्याचं काय करायचं हे कोणी सांगत नाही, तेवढंच.

गेल्या जुलैच्या सत्रात 'कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड इंटरनेट प्रोटोकॉल' घेतला. आयआयटी खरगपूरचा, 12 आठवड्यांचा, 3 क्रेडिटचा. हौस म्हणून नाही. आमच्याकडे हा विषय शिकवणारे सर सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) होते, त्यांना दुसरीकडे पूर्ण पगाराची नोकरी लागली आणि वर्ग रिकामा राहिला. कोर्स ऐकायला फुकट, फक्त परीक्षा द्यायची तर 1000 रुपये. ते हजार रुपये घरी मागताना मी ज्या शपथा घेतल्या त्या इथे लिहीत नाही.

शिकवणं खरंच चांगलं आहे. आमच्या वाडीत रेंज पडवीच्या एकाच टोकाला मिळते, त्यामुळे व्हिडिओ अडकत अडकतच चालायचे. तेव्हाच टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर माहिती तुकड्यातुकड्यांनी (पॅकेटने) पोचवण्याच्या पद्धतीचा, धडा आला. पॅकेट हरवलं की नेहमीचा टीसीपी समजतो वाटेत गर्दी झाली, आणि आपला वेग पाडतो. पॅकेट पावसाने खराब झालेल्या रेंजमुळे हरवलं असलं तरी त्याला ते कळत नाही. पुस्तकात हे चार ओळींत असतं. पडवीत बसून ते गोल फिरणारं चक्र बघत ऐकलं, त्यामुळे आता परीक्षेत विसरणं शक्य नाही. शिवाय प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत पीडीएफमध्ये मिळते. निम्मा कोर्स मी एसटीत तसाच वाचून संपवला, डेटा न घालवता.

आणि एक गोष्ट कोकणातल्या माणसानेच आखली असावी अशी आहे: बारा असाइनमेंटपैकी चांगल्या आठच धरतात. दर बुधवारी रात्री 11:59 ला मुदत संपते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे बुधवारी लाइट असेलच असं महावितरणही सांगणार नाही, आणि मग गणपती. घरात मुंबईकर पाहुणे, रात्री भजनं, करंज्या तळायला माणूस हवं. त्यात राउटिंगचे प्रश्न कोण सोडवणार? सोडलेल्या चार असाइनमेंट अशा अलगद जिरल्या. असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75. सर्टिफिकेटसाठी पंचवीसपैकी 10 आणि पंचाहत्तरपैकी 30, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडे वळत नाहीत.

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. मला कोल्हापूर मिळालं. फोंडाघाटातून, राधानगरीमार्गे.

आता मुख्य मुद्दा. सर्टिफिकेट आलं, त्याचे क्रेडिट डिजिलॉकरमधल्या माझ्या एबीसी खात्यात दिसायलाही लागले. पण ज्या कॉलेजात मी रोज पायऱ्या झिजवते, त्या कॉलेजच्या पहिल्या दोन सेमिस्टरचे क्रेडिट तिथे नाहीतच! खरगपूरचे आहेत, घरचे नाहीत. ऑफिसात गेले. भाऊसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "तुजा नाव आधारात येगळा, हय येगळा. सिस्टीम घेना नाय. मी काय करू?"

वेगळं म्हणजे काय, तर बारावीच्या मार्कशीटवर बोर्ड आडनाव आधी छापतं. आधारवर आधी माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. एबीसी खातं आधारवरून उघडतं. कॉलेजने परीक्षा फॉर्ममधली माहिती मार्कशीट बघून भरली, आईचं नावही शेवटी जोडून टाकलं. माणसाला दोन्हीकडे एकच मुलगी दिसते, पण जुळवणी अक्षराला अक्षर लावून होते. महाराष्ट्रात अशी नावं असलेले किती विद्यार्थी असतील? सगळेच! म्हणजे हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. आमच्या वर्गात निम्म्या जणांचं खातं रिकामं होतं, फक्त कोणी उघडून बघितलं नव्हतं.

"आधार बदलून आण," असा सल्ला मिळाला. का बदलू? आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्याच आधारला माझं बँक खातं जोडलेलं आहे, महाडीबीटीची शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. क्रेडिटच्या नोंदीसाठी शिष्यवृत्ती लटकवायची, एवढी मी श्रीमंत नाही. दुरुस्ती कॉलेजच्या नोंदीत व्हायला हवी होती आणि ती करायची सोय त्यांच्याच लॉगिनमध्ये होती. हे मला भाऊसाहेबांनी नाही, शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी हळूच सांगितलं.

दुसरी कटकट, नेटवर्क्सचा पेपर माफ होईल का? यूजीसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. पण कुठल्या पेपरऐवजी कुठला कोर्स चालेल हे आपली संस्था ठरवते, तेही आधी. आमच्याकडे अशी यादीच काढलेली नव्हती. नियमाची प्रिंट नेली, तर उत्तर आलं, "असा काही आमच्याकडे आलेला नाय." मी कॉलेजचा पेपरही दिला. खरगपूरच्या जोरावर तो सोपा गेला, हा भाग वेगळा.

इथपर्यंतचा मजकूर डिसेंबरात लिहिला होता आणि शेवटी 'कोणी या फंदात पडू नका' असं लिहायचं ठरवलं होतं. ते आता मागे घेते. अर्धं.

जानेवारीत ओपन इलेक्टिव्हचा प्रश्न आला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत हा ओई आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो आणि आमच्याकडे त्याला पर्याय एकच होता. तो कुठला ते सांगत नाही, शिकवणाऱ्यांना वाईट वाटेल. मी 8 आठवड्यांचा अर्थशास्त्राचा कोर्स शोधला. आठ आठवडे म्हणजे 2 क्रेडिट, ओईचेही 2. हिशेब जुळला. सत्र सुरू व्हायच्या आत प्राचार्यांच्या नावे अर्ज, सोबत अभ्यासक्रमाची प्रत, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच माझ्याकडे. प्राचार्यांनी समोरच वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. एवढंच! त्याच दिवशी नावाचाही अर्ज दिला, वर्गातल्या बाकीच्यांच्या सह्या घेऊन. मे महिन्यात पहिली दोन सेमिस्टर खात्यात उमटली. ऑफिसबद्दलचं माझं मत त्यामुळे सुधारलं का? आवक शिक्क्याबद्दलचं नक्की सुधारलं.

आता सहाव्या सेमिस्टरला 4 क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे. सॉफ्टवेअर कंपनी इथे कुठे शोधायची? मागच्या बॅचमधल्या एकाने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं पत्र आणलं आणि ते चाललं. मी आयआयटी मुंबईच्या फॉसी (मुक्त सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पाकडे डोळा ठेवून आहे. तिथे आधी काम देतात आणि ते करून दाखवलेलं बघून निवडतात, कॉलेजचं नाव आड येत नाही. गुगल समर ऑफ कोडही आहे, तिथे मराठी मुलं दिसतात, पण स्पर्धा बघून माझी अजून छाती झालेली नाही. अर्ज मात्र आत्ताच लिहून ठेवलाय, ट्रेनिंग म्हणून फॉसी चालेल का असं विचारणारा. पोच मिळाली की कळवते.

घेणाऱ्यांसाठी: परीक्षा फॉर्ममध्ये नाव आधारवर आहे तसंच भरा, सर्टिफिकेटवर ते तसंच छापून येतं आणि नंतर बदलत नाही. परीक्षेची वेळ निवडायला मिळाली तर दुपारी 2 ते 5 ची घ्या. सकाळी 9 ला कोल्हापुरात पोचायचं तर आदल्या रात्री मुक्काम, आणि लॉजचं भाडं परीक्षेच्या फीच्या वर जातं. कुडाळ-सावंतवाडीकडच्यांनी शहरांच्या यादीत गोवा आहे का ते आधी बघावं. एसटीचा विद्यार्थी पास कोल्हापूरच्या रस्त्याला चालत नाही. मुलींना अर्धं तिकीट चालतं.