व्हायोला खऱ्या अर्थाने ऐकायचाय? मग हे रेकॉर्डिंग घ्याच

व्हायोला म्हटलं की बरेच जण "ते जरा मोठं व्हायोलिन ना" म्हणून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या 'हॅरॉल्ड इन इटली' या व्हायोला आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचं हे रेकॉर्डिंग ऐकलंत की कळेल. हार्मोनिया मुंदी या रेकॉर्ड कंपनीने 2019 ला काढलंय, व्हायोलावर ताबेआ झिमरमन, ऑर्केस्ट्रा ले सिएक्ल, कंडक्टर फ्राँस्वा-झाविए रॉथ.

व्हायोला लागतो व्हायोलिनपेक्षा पाच सूर खाली पण त्या मानाने त्याचं खोकं मोठं नसतं, तेवढं केलं तर हनुवटीखाली धरताच येणार नाही, म्हणून खालच्या तारांना तो किंचित घोगरा, दाटून आल्यासारखा आवाज येतो. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा बराच वेळ घुमत राहतो आणि मग हार्पच्या साथीने व्हायोला जी धून घेऊन येतो ना, तिथे झिमरमन जराही शो करत नाही, साधं बोलल्यासारखं वाजवते, आणि तरी लक्ष तिच्याकडेच जातं!

सगळ्यात भारी दुसरा भाग. यात्रेकरू संध्याकाळची प्रार्थना म्हणत चाललेत, आणि मध्येच व्हायोलाचा बो (गज) घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकलेल्या असतात त्या पट्टीला, अगदी लागून चारही तारांवरून खालीवर फिरायला लागतो, आवाज एकदम काचेसारखा पातळ होतो, धून अशी नाहीच, नुसता रंग. हे हेडफोन लावून ऐकाच.

प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीने स्वतःच्या स्ट्रॅडिवेरियस (नामांकित कारागिराने बनवलेल्या) व्हायोलासाठी हे बर्लिओझकडून लिहून मागितलं होतं पण त्यात आपल्याला फार वेळ गप्प बसावं लागतंय म्हणून वाजवलं नाही. 1834 ला दुसऱ्यानेच वाजवलं. 1838 ला ऐकल्यावर मात्र त्याने बर्लिओझला 20,000 फ्रँक पाठवले. शेवटच्या, दरोडेखोरांच्या भागात व्हायोला खरंच जवळजवळ गायब आहे, तेव्हा कॉन्चेर्टोसारखी (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा अशी) जुगलबंदी हवी असेल तर इंग्लिश संगीतकार वॉल्टनचा व्हायोला कॉन्चेर्टो ऐका. पण ऑर्केस्ट्राची वाद्यं बर्लिओझच्या काळातल्या पद्धतीची असल्यामुळे ब्रास (पितळी फुंकवाद्यं) अंगावर येत नाहीत, व्हायोला दबत नाही, हा मोठा फायदा.

तक्रार एकच, हळू आवाजाच्या जागा फारच हळू आवाजात आहेत, लोकलमध्ये किंवा फोनच्या स्पीकरवर काही ऐकू येणार नाही. सोबत बर्लिओझचीच 'ले न्यूई देते' ही गाणी आहेत, बॅरिटोन (मध्यम खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज) स्टेफान दगूच्या आवाजात, एरवी ती बायकांच्याच आवाजात जास्त ऐकायला मिळतात, ती पण छान आहेत.