बडोद्यातील सर्जनशीलता कार्यशाळा: अर्धा दिवस पुरला असता

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याने डिझाइन, उत्पादन आणि स्टोअर विभागांतील 18 जणांसाठी सर्जनशीलतेवरची एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती. ती घेणाऱ्या संस्थेचे नाव येथे देत नाही.

सकाळ चेंडू झेलण्यात आणि टाळ्यांत गेली. त्यानंतरच्या विचारमंथनात टीका करायची नाही, कल्पना जितक्या जास्त तितक्या चांगल्या, हे विचारमंथनाचे जनक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांचे नियम पडद्यावर होते. पण कारखानाप्रमुख त्याच वर्तुळात बसले होते आणि त्यांनी पहिली कल्पना मांडल्यावर पुढच्या सगळ्या तिचीच भावंडे निघाली. चौघांनी एकेकट्याने विचार करून कल्पना एकत्र केल्या, तर एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा त्या जास्त भरतात, हे येल विद्यापीठातील प्रयोगात 1958 मध्येच दिसले होते. एकजण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबलेली कल्पना विरून जाते. प्रशिक्षकांना हे ठाऊक असायला हवे होते.

दुपारचे सत्र मात्र पैसे वसूल करणारे होते. जर्मनीतील बर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि त्याच्या लिखाणावर आपली भर घालायची. सहा फेऱ्या पूर्ण भरल्या तर अर्ध्या तासात 108 कल्पना होतात. आमच्या टेबलावर 71 झाल्या आणि त्यांत पुनरुक्तीही बरीच होती. मात्र मीटिंगमध्ये कधीही तोंड न उघडणाऱ्या स्टोअरमधील सहकाऱ्याने लिहिले की, प्रत्येक व्हॉल्व्हचे गॅस्केट, स्टड आणि नट एकाच ट्रेमध्ये आधी जुळवून ठेवले, तर फिटरचे हेलपाटे वाचतील. हे त्याने गुजरातीत लिहिले, तेही परवानगी मागून, कारण छापील कागद आणि सूचना निव्वळ इंग्रजीत होत्या. ज्या शहरात 1890 साली कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि हे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा तिचे संस्थापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता, तिथे ही चूक विशेष खटकते.

संस्थेने सगळे कागद सोबत नेले आणि तीन आठवड्यांनी सारांश पाठवला. त्यात ट्रेची कल्पना ‘साठा व्यवस्थापन’ या दोन शब्दांत बुडाली होती. कोणाला ही कार्यशाळा घ्यायचीच असेल, तर फक्त दुपारचे सत्र मागावे, साहेबांना वेगळ्या टेबलावर बसवावे आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवावेत. आमच्यापैकी एकाने त्या कागदांचे फोटो काढून ठेवले होते, म्हणूनच ते ट्रे आज असेंब्लीत दिसतात.