४६ थेंब, १,६०,००० रुपये

गुडघ्यातला ‘पू’ नळीने ओढून काढल्याचा देखावा करून थेंबामागे पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. मीही त्यांच्याविषयी वाचलेले होते आणि तरीही फसलो, हेच जास्त लागले आहे. आईला दवाखान्याबाहेर रिक्षात बसवत असताना एक गृहस्थ आपुलकीने पुढे आले आणि आपल्या वडिलांचे गुडघे शस्त्रक्रियेविना बरे झाल्याचे सांगून त्यांनी एका ‘डॉक्टरसाहेबां’चा नंबर दिला. शस्त्रक्रियेच्या धास्तीने आई रात्ररात्र जागत असली की माणूस असा नंबर फिरवतो. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये. मात्र वाटेत भेटलेल्याने सुचवलेला डॉक्टर घरी आणू नका.

दर थेंबाला ४,००० रुपये ठरले, ‘फार तर सहा थेंब निघतील’ या बोलीवर. घरी आलेल्या त्या ‘डॉक्टर’ने आईच्या गुडघ्याला ब्लेडने चिरा दिल्या, पितळी नळी टेकवून तोंडाने ओढले आणि पिवळसर थेंब वाटीत सोडत तो मोठ्याने मोजू लागला. वाटीला हळदीचा वास येत होता. मला तो आला होता. पण आई डोळे मिटून ‘हलकं वाटतंय रे’ म्हणाली आणि मी गप्प राहिलो. ४६ थेंबांचे १,८४,००० झाले. ‘सवलत’ देऊन त्याने १,६०,००० घेतले, ६०,००० रोख आणि उरलेले ऑनलाइन. नोंदणी क्रमांक मी विचारलाच नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पाहायला दोन मिनिटे पुरली असती.

चौथ्या दिवशी चिरा चिघळल्या, त्यावर २३,४५० रुपये गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोनही तेव्हाच केला. तोवर त्याचे खाते रिकामे होते. तुम्ही पैसे गेले त्याच तासाला करा.

चौकीतला पहिला प्रश्न होता, ‘पैसे स्वखुशीनेच दिलेत ना?’ पालिकेच्या आरोग्य विभागात सांगितले की बोगस डॉक्टर शोध समिती दवाखान्यांवर कारवाई करते, तेव्हा पत्ता आणा. पत्ता मी शोधायचा, तर समितीने काय शोधायचे? नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय करणे हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे, मग पाटी असो वा नसो, हे चौकीतल्या अंमलदाराला मी मोबाइलवरून वाचून दाखवले, तेव्हा तिसऱ्या फेरीत नुसता अर्ज घेतला गेला. सोसायटीच्या कॅमेऱ्यातले चित्रण पंधरा दिवसच राहते, असे मी त्या अर्जात स्पष्ट लिहिले होते. ते मागायला शिपाई एकविसाव्या दिवशी आला.