बॅकअपवाल्याला पैसे रिस्टोअर बघूनच दिले

बेळगावात रविवार पेठेत आमचं किराणा होलसेल आहे, गूळ, डाळी, मिरची, सगळा हिशोब टॅलीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. टिळकवाडीतल्या एका पोराची बॅकअप सर्व्हिस घेऊन वर्ष होत आलं म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, उगीच जाहिरात वाटंल.

अगोदरच्या माणसानं रोज रात्री ९ ला आपोआप कॉपी होईल असं लावून दिलेलं, सकाळी आलं की कोपऱ्यात हिरवी टिक, मीबी खूश. मध्ये टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ वरनं नव्या टॅलीप्राइमवर गेलो, प्राइमचा डेटा आता नव्या फोल्डरमध्ये बसतोय हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही, आणि बॅकअप बिचारा सात महिने इमानदारीनं जुन्याच फोल्डरची कॉपी मारत बसला! पावसाळ्यात लाईट ये-जा करून हार्डडिस्क मेली तेव्हा कळलं. विक्री जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ वरनं, म्हणजे विक्रीच्या रिटर्नवरनं, आणि बाकीचं कच्च्या वहीवरनं बघून परत मारत बसलो, मुनीम दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. त्यात सीए म्हणतात जीएसटीच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासनं ७२ महिने रेकॉर्ड सांभाळायचं असतंय, म्हणजे डिस्क मेली म्हणून सुटका नाही.

नवा पोरगा आला ते पहिल्यांदा टॅली उघडून डेटाचा पाथ, म्हणजे डेटा कुठल्या फोल्डरमध्ये बसतोय ते, कागदावर लिहून घेतला, तिथंच मला बरं वाटलं. आता रात्री टॅलीतनं बाहेर पडायच्या आधी ऑल्ट-वाय दाबून टॅलीचाच बॅकअप घ्यायचा, टॅली चालू असताना नुसतं फोल्डर कॉपी केलं तर फाईल अर्धवट येऊ शकते म्हणे. एक कॉपी क्लाउडवर जाते, तिथं ३० दिवसांच्या जुन्या कॉप्याबी राहतात. आणि दोन डिस्क, एक दुकानात, एक अनगोळला घरी, दर शनिवारी अदलाबदल. काम झालं की डिस्क काढून ड्रॉवरमध्ये, कारण फाईली लॉक करणारा व्हायरस आला तर लावून ठेवलेली डिस्कबी लॉक करतोय. हे एवढं सोपं, पण आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझा मुलगा तरी दोनदा विसरलाय काढायला.

खरं काम दर तीन महिन्यांनी. स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो, आमच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही, घरची डिस्क मागवून त्यावरनं रिस्टोअर करतो, म्हणजे बॅकअपमधला डेटा लॅपटॉपवर परत उघडून दाखवतो. पहिल्या वेळी म्हणाला, कुठलं बिल बघायचंय सांगा. मी मुद्दाम फेब्रुवारीतलं निपाणीच्या गिऱ्हाईकाचं गुळाचं बिल सांगितलं. उघडलं. मग आमच्या आणि त्याच्या कॉम्प्युटरवरची ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकीची यादी, शेजारी ठेवून पैशापर्यंत जुळवली आणि म्हणाला, आयतु सर, नोडी (झालं सर, बघा). सगळं मिळून ४० मिनिटं. मुनीमानं स्वतः चहा मागवला त्याला.

तक्रारी आहेत की. मार्चएंडला फोन उचलत नाही, दोन दिवसांनी परत करतो. क्लाउडचा पासवर्ड त्यानं फक्त स्वतःकडं ठेवलेला, मी भांडून डायरीत लिहून घेतला, पासवर्ड हरवला तर डेटा असून नसल्यासारखा. वर्षाला ९ हजार, क्लाउडचे वेगळे, जरा जास्तच वाटतात.

पुढच्या वर्षाचे अर्धे दिलेत, उरलेले पुढचं रिस्टोअर बघून.