इंदुरात जोडी कोमर: खेळ पाहावाच असा, मध्यंतर मात्र नडले

लंडनचे नाटक मुंबईच्या एनसीपीए या नाट्यगृह-संकुलापर्यंत न जाता इथेच पडद्यावर पाहायला मिळणार, असे कळल्यावर मी आणि आत्या रामबागेतून अर्धा तास आधीच निघालो. शहरातल्या एका हौशी संस्थेने ‘प्रायमा फेसी’चा खेळ लावला होता. नाटके चित्रित करून चित्रपटगृहांत दाखवणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल थिएटर लाइव्हने २०२२ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड पिंटर थिएटरात प्रेक्षकांसमोर चित्रित केलेल्या या एकपात्री प्रयोगात ब्रिटिश अभिनेत्री जोडी कोमर सुमारे शंभर मिनिटे एकटी रंगमंच पेलते. तिकीट ३०० रुपये, आणि त्यातच खेळाआधीचे परिचयपर भाषण व एक छापील पत्रक.

पत्रकावर ‘रंगमंचावरचे पहिले पाऊल’ असे ठळक अक्षरांत छापले होते, ते चूक आहे. वेस्ट एंडवरचे, म्हणजे लंडनच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवरचे पहिले, एवढेच खरे. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या स्कारबरोच्या स्टीफन जोसेफ थिएटरात तिने ‘द प्राइस ऑफ एव्हरीथिंग’मध्ये काम केले होते, आणि या दोन नाटकांमधली बारा वर्षे कॅमेऱ्यासमोर गेली. भाषणात ही वर्षे नीट उलगडतील अशी अपेक्षा होती. सुरुवात चांगली झाली: १९९३ साली लिव्हरपूलला जन्म, नाट्यशाळेचे शिक्षण नाही, शाळेत असताना हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानातल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेवर सादर केलेले स्वगत, मग बीबीसीच्या रेडिओ नाटकात मिळालेले काम, आणि २००८ मध्ये ‘द रॉयल टुडे’पासून सुरू झालेल्या इस्पितळांच्या, शाळांच्या, पोलीस चौकशांच्या मालिकांतल्या एकेका भागापुरत्या भूमिका. ‘माय मॅड फॅट डायरी’तली क्लोई आणि ‘डॉक्टर फॉस्टर’मधली केट यांचा उल्लेख झाला. ‘थर्टीन’ला मात्र वक्त्यांनी एका छायाचित्रावर निकाली काढले आणि उरलेला सगळा वेळ ‘किलिंग ईव्ह’ या मालिकेतल्या व्हिलनेल या भाडोत्री मारेकरणीच्या पोशाखांवर घालवला. त्या भूमिकेने तिला २०१९ चे एमी हे टीव्हीचे पारितोषिक मिळवून दिले हे खरे, पण त्या संध्याकाळच्या नाटकाची किल्ली ‘थर्टीन’मध्ये होती, असे माझे मत आहे.

२०१६ च्या त्या पाच भागांच्या मालिकेत ती आयव्ही झाली होती. तेरा वर्षे कोंडून ठेवलेली ही मुलगी निसटून येते, आणि पोलीस तिच्याच सांगण्यावर संशय घेतात. तिथे कोमरजवळ बोलायला फारसे शब्द नसतात, त्यामुळे प्रश्न विचारला जाताना मान किती वळवायची आणि उत्तराआधी किती थांबायचे, यावरच सारे अवलंबून असते. ‘प्रायमा फेसी’च्या पूर्वार्धात बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारी वकील असलेली टेसा टेबलांवर चढून उलटतपासणीच्या करामती सांगते, न्यायाधीश, सहकारी आणि आई यांचे आवाज काढते, आईशी बोलताना अलगद लिव्हरपूलच्या वळणावर येते, ही सगळी चपळाई व्हिलनेलच्या वंशातली. पण तिच्यावर झालेल्या बलात्कारानंतर ७८२ दिवसांनी तीच टेसा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते, तेव्हा हात कुठे ठेवावेत हेही तिला उमगत नाही. तिथे आयव्ही परत येते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली बावन्न पात्रे एकट्या लक्ष्मण देशपांडे यांच्याकडून ऐकत मोठी झालेली आमची पिढी आवाज बदलण्याने सहसा दिपत नाही; थक्क केले ते या थांबण्याने. आत्याने हळूच विचारले, “अगं, मघाची वकीलीणबाई हीच का?” त्याहून चांगली दाद मला सुचत नाही.

आता मध्यंतराविषयी. मूळ प्रयोगात मध्यंतर नाही, आणि का नाही हे त्या दिवशी पुरेपूर कळले. टेसा रात्री रस्त्यावर आली आहे, रंगमंचावर खरोखरचा पाऊस कोसळतो आहे, तिचे केस चेहऱ्याला चिकटले आहेत, आणि नेमक्या त्या क्षणी पडदा गोठला, दिवे लागले आणि मागच्या दारातून गरम कचोरीचा वास आत आला. इंदूरकराने कचोरीविरुद्ध लिहावे हे मला शोभत नाही, पण कंत्राटदाराची वेळ सांभाळण्यासाठी नाटकाचा असा गळा दाबायला नको होता. वीस मिनिटांनी खेळ सुरू झाला तेव्हाही मागे कागदी द्रोणांची खुसफुस चालूच होती, आणि पोलीस ठाण्यातला पहिला प्रसंग त्यातच गेला.

उपशीर्षके नव्हती, हीही मोठीच उणीव. कोर्टातले इंग्रजी भरधाव आहे, आणि आत्यासारख्या जाणत्या प्रेक्षकालाही चार वाक्यांमागे एक निसटत होते. पडदा आणि प्रकाश उत्तम, खुर्च्या ऐसपैस, खेळ वेळेवर सुरू झाला, स्वयंसेवक अदबशीर. मी ठरलेल्या पाचांतून साडेतीन तारे देते. कापलेला दीड बराचसा कचोरीच्या खात्यावर मांडावा.

पुढच्या महिन्यात याच चित्रफितीचा दुसरा खेळ आहे. जाणाऱ्यांनी डाव्या भिंतीलगतच्या खुर्च्या टाळाव्यात, तिकडच्या ध्वनिवर्धकाची घरघर सतत कानावर येते, आणि मध्यंतर होणार की नाही हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावे.